कडेचा तुकडा

वेंगुर्ल्याहून दुपारच्या एसटीनं बाटली आली,
कंडक्टरच्या पेटीला टेकून, कुणाच्या तरी
बांगड्यांच्या टोपलीशेजारी.
फॉर्मलिनमध्ये चार मिलिमीटर हेमलता गिरप,
वय छत्तीस, काजू फॅक्टरी, सोलणी विभाग,
उजवं मनगट, डागाची कड.

'कड' शब्दाखाली डॉक्टरांनी दोनदा रेघ मारली होती.
मधला भाग घेतला तर नुसती सामसूम मिळते.
घडत असतं ते काठावर.

मी तुकडा मेणात बसवला,
चार मायक्रॉनची पाती काढून कोमट पाण्यावर सोडली.
निवत्या पेजेवर पापुद्रा धरतो तशी ती पसरली.
एक सुरकुतली, ती फेकली.
उरलेल्यांतली एक चांदीच्या द्रावणात, रात्रभर, अंधारात.
रात्री कुडाळात लाइट गेली
ते चांदीला कळलंही नाही.

सकाळी काच लावली.
डावीकडून निघालो: वरचे मेलेले, सुटे थर,
त्याखाली पेशींची दाटी, आणि तळाला
ओहोटीनंतर वाळूत राहते तशी
काळ्या रेतीची रेघ.
सरकत गेलो.
रेघ तुटक झाली. मग नाहीच.
रंग सोडून सगळं जागच्या जागी.

तळच्या दहाजणींत एक असते रंग करणारी,
लांब बोटांनी शेजारणींना कण वाटणारी.
काळ्या माणसात तेवढ्याच, गोऱ्या माणसात तेवढ्याच.
इथं तिची जागा दुसऱ्यांनी भरून घेतलेली,
ती होती असं दाखवायला
पोकळीसुद्धा शिल्लक नाही.

दुसऱ्या, गुलाबी-जांभळ्या काचेवर
बरोब्बर कडेला गोल, गडद लिंफोसाइट,
दहा-बारा, दोन तर तळाची ओळ ओलांडून आत.
तिच्याच रक्तातले. राखणीला नेमलेले.

चौथ्या दिवशी ती स्वतःच आली.
दारातूनच विचारलं,
"रक्तपिती न्हय मां?"
न्हय, म्हटलं. मज्जातंतू शाबूत आहेत.
खरं तर सरांच्या सहीची वाट बघायला हवी होती.
बघितली नाही.

फॅक्टरीत म्हणतात चिकानं भाजलं.
सासू म्हणते माशांवर दूध प्यायली.
गणपतीत मोदकांच्या उकडीला
हात लावू दिला नाही तिला,
भांडी घासायला मात्र दिली.
हे ती सांगत होती घड्याळाकडे बघत.
साडेबाराची गाडी होती.

"माका बघूक गावात काय?"
मी स्टूल सरकवलं.
एक डोळा घट्ट मिटून ती वाकली,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "हेच्यात मी खंय आसंय?"
काचेतला काटा फिरवून दाखवलं:
हे तुम्ही. हेही तुम्हीच.
"आणि ही मुंग्यांसारखी?"
तुमच्याच. घरच्याच.
ती हसली. "मगे बरोबर."

आणखी एक जागा दाखवली,
पांढऱ्या भागातच, पण खोल, केसाच्या मुळाशी.
दोन-चार काळे कण.
तिथवर कुणी पोचलं नव्हतं.
रंग परत आला तर इथून येतो, ठिपक्या-ठिपक्यांनी.
'तर'वर मी जोर दिला होता.
तिनं तो ऐकला की नाही, माहीत नाही.

जाताना टेबलावर वर्तमानपत्राची पुडी ठेवली.
फॅक्टरीतला तुकडा, बाजारात अर्ध्या भावानं जातो तो.
"मियाच सोललंय," म्हणाली
आणि उभी राहिली.
लॅबमध्ये खायचं नसतं, भिंतीवर पाटी आहे.
साडेबाराला सात मिनिटं होती
आणि ती उभीच.
मी हातमोजे काढले, एक तुकडा तोंडात टाकला.
तेव्हा कुठं ती पिशवी उचलून निघाली.

दुसऱ्या तुकड्याच्या खाचेत
तांबडी साल अडकून राहिली होती.
नखानं काढायला गेलो.
राहू दिली.